ज्या लेनमध्ये पैसा, त्या लेनमध्ये पोलिस

अमेरिकेत टेनेसी राज्यातून इंटरस्टेट ४० हा हायवे जातो. ड्रग्जचा माल मेक्सिकोकडून पूर्वेला येतो आणि तो विकून झालेली कॅश पश्चिमेला परत जाते. आता ड्रग्ज रोखायचे असतील तर गाड्या कुठल्या बाजूला अडवाल? मालाच्या बाजूला ना? पण २०११ मध्ये नॅशव्हिलच्या एका टीव्ही चॅनलने शोध घेतला तर पोलिस बहुतेक कॅशच्या बाजूलाच सापडले. म्हणजे माल शहरात जाऊ दे, विकला जाऊ दे, आपण येतानाचे पैसे पकडू.

याचं मूळ १९८४ च्या एका कायद्यात आहे. त्याआधी केंद्राने जप्त केलेला पैसा सरकारी तिजोरीत जायचा, या कायद्याने तो वेगळ्या फंडात जायला लागला आणि स्थानिक पोलिसांनी केंद्राला मदत केली की ८० टक्क्यांपर्यंत वाटा त्यांच्या खात्याला मिळायला लागला. शिवाय ही दिवाणी जप्ती, म्हणजे केस माणसावर नाही तर वस्तूवर. २००६ च्या एका खटल्याचं नावच आहे 'अमेरिका विरुद्ध १,२४,७०० डॉलर्स'. हसू येतं खरं, पण याचा अर्थ असा की मालकाला दोषी न ठरवताच त्याचे पैसे जाऊ शकतात, आणि सोडवायचे तर वकिलाची फी बऱ्याचदा जप्त रकमेपेक्षा जास्त.

अर्थशास्त्रज्ञांना हा आयताच मिळालेला प्रयोग वाटला, कारण प्रत्येक राज्याचा नियम वेगळा, कुठे पोलिसांना वाटा मिळतो, कुठे नाही. मास्ट, बेन्सन आणि रासमुसेन या तिघांनी २००० मध्ये तुलना केली तर वाटा मिळतो तिथे एकूण अटकांमध्ये ड्रग्जच्या अटकांचं प्रमाण साधारण २० टक्क्यांनी जास्त निघालं. घरफोडीचा माल सापडला तर तो मूळ मालकाला परत द्यावा लागतो, खुनाच्या तपासात खात्याला दमडी मिळत नाही. ड्रग्ज आणि वेश्याव्यवसायात मात्र सहसा तक्रार घेऊन कोणी ठाण्यात येतच नाही, देणारा राजी आणि घेणारा पण राजी. त्यामुळे कुठे शोधायचं, कोणाला पकडायचं हे पोलिसच ठरवतात आणि पैशाचा मोह नेमका तिथे शिरतो. १९९४ च्या एका अभ्यासात तर एक संशोधक स्वतः अंडरकव्हर कामात होता, त्याने पाहिलं की टीम मुद्दाम माल विकला जाईपर्यंत थांबते, कारण ड्रग्ज पकडले तर ते नष्ट करावे लागतात, कॅश मात्र खात्याला वापरता येते.

वेश्याव्यवसायाचं उदाहरण डेट्रॉइटचं. एका बाईच्या नवऱ्याला पोलिसांनी गाडीत वेश्येबरोबर पकडलं. गाडी दोघांच्या नावावर, ६०० डॉलरला घेतलेली ११ वर्षं जुनी पाँटिअक. बायकोला यातलं काही माहीत नव्हतं तरी गाडी गेली आणि १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते योग्य ठरवलं. खालच्या कोर्टाचे जज तर म्हणाले होते की गाडी विकून खर्च वजा जाता बायकोला वाटा द्यायला फारसं काही उरतच नाही! माझ्या मते त्या नवऱ्यापेक्षा जास्त शिक्षा बायकोला झाली.

बरं, सगळा दोष हवालदारावर टाकून पण चालणार नाही. बेकर आणि जेकबसन यांच्या २००७ च्या पेपरमध्ये दिसलं की पोलिसांनी जप्ती जास्त केली की स्थानिक सरकार त्यांच्या बजेटला कात्री लावतं. म्हणजे एका हाताने मिळालं ते दुसऱ्या हाताने गेलं, मग पुढच्या वर्षी आणखी जप्ती करणं भाग. आणि राज्याने वाटा बंद केला तरी केंद्राची खिडकी उघडीच, २०११ च्या एका अभ्यासात कडक नियमांच्या राज्यांतले पोलिस तीच खिडकी जास्त वापरताना दिसले.

न्यू मेक्सिकोने २०१५ मध्ये दिवाणी जप्ती बंदच केली, आधी गुन्हा सिद्ध करा आणि पैसे राज्याच्या तिजोरीत भरा. तरी तिथल्याच अल्बुकर्की शहराने स्वतःच्या नियमाखाली दारू पिऊन चालवलेल्या गाड्या जप्त करणं चालूच ठेवलं, आणि येत्या वर्षात किती गाड्या जप्त होतील याचा आकडा बजेटमध्ये आधीच लिहिलेला असायचा. २०१८ मध्ये फेडरल कोर्टाने ते घटनाबाह्य ठरवलं.