पाच शतांश मिलिमीटरचा फरक

वरूड-मोर्शीकडच्या संत्रापट्ट्यात एखाद्या अंगणात अजून जुनी प्रीमियर पद्मिनी किंवा पेट्रोल जीप उभी दिसते. दसऱ्याला हार घालून बाहेर काढली, की फाट्यापर्यंत जाईस्तोवर मिसिंग मारते. मिस्त्रीचं निदान ठरलेलं: "जेटात कचरा आला न भाऊ!" बहुतेक वेळा ते खरंही असतं. बिघडतं पुढे, जेटात, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक पितळी तोटीत, तार घातल्यावर.

पिस्टन खाली जाताना हवा ओढतो. पेट्रोल हवेत मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यात त्या हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. शेजारी पेट्रोल साठवणाऱ्या, फ्लोटच्या (पातळी राखणाऱ्या तरंगत्या डबीच्या) कुंडीत मात्र बाहेरच्या हवेचाच दाब असतो. या फरकामुळे पेट्रोल जेटातून वर चढतं आणि हवेत फवारलं जातं. नळी अरुंद झाली की दाब उतरतो, हे इटलीच्या व्हेंचुरीने 1797 मध्ये मांडलं होतं.

पेट्रोल किती चढणार, ते पितळी जेटाचं भोक ठरवतं. जेटावर 120 कोरलेलं असेल तर भोक 1.20 मि.मी., 125 असेल तर 1.25. फरक पाच शतांश मिलिमीटरचा, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढत असल्याने भोक साडेआठ टक्क्यांनी मोठं होतं. मऊ पितळात पोलादी तार फिरवणं किती महागात पडतं ते यावरून कळावं. क्लीनर मारावा, पंक्चरवाल्याकडे हवेचा झोत द्यावा, बस.

आता पंपावर ई-20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पट, आणि ई-20 ला साधारण साडेतेरा पट. म्हणजे जुन्या जेटावर मिश्रण आठ-नऊ टक्के पातळ पडतं, हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. नवी गाडी सेन्सरने हे ओळखून इंधन वाढवते. कार्बोरेटरला तेवढी अक्कल नाही. परीक्षा सोपी आहे: इंजिन गरम असतानाही चोक (हवा अडवून मिश्रण दाट करणारी झडप) थोडा ओढल्यावर गाडी सुधारली आणि प्लग पांढरट निघाला, तर मिश्रण पातळ आहे. आधी कार्बोरेटरच्या बुडाच्या गॅस्केटमधून (सांधा बंद करणाऱ्या चकतीतून) हवा शिरते का ते बघा, मग 120 काढून 125 लावा. हिशोब जवळपास तंतोतंत जुळतो.

इथेनॉल पाणीही धरतं. महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या कुंडीत पांढरी भुकटी जमते ती जस्तमिश्रित धातू गंजल्यामुळे. जुनं रबरही फुगतं. म्हणून कार्बोरेटर दुरुस्तीचं किट आणून त्यातली निडल (कुंडीत येणारं पेट्रोल अडवणारी सुई), डायफ्रॅम (रबरी पडदा), गॅस्केटं सगळी बदलावीत. पितळी फ्लोट कानाशी हलवावा. आत खळखळ आली तर तो फुटलाय, आणि पेट्रोल कुंडीबाहेर वाहणार.

अख्खा कार्बोरेटर बदलायची घाई मात्र नको. थ्रॉटलचा, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेचा दांडा बोटाने हलवून बघा. तो आडवा हलत असेल, तर तिथून हवा शिरते आणि किट घालून काही फायदा नाही. मग दांड्याभोवती बुश (नवी कडी) बसवून घ्या, नाहीतर नवा कार्बोरेटर आणा.

इतकं करूनही मे महिन्यात चंद्रपूरकडे गाडी बंद पडली, तर कार्बोरेटरवर राग काढू नका. पारा 45 च्या पुढे, त्यात इंजिनाची धग. पेट्रोलातले हलके घटक गाडीतल्या इंधनपंपातच उकळतात आणि वाफेला पंप पुढे ढकलू शकत नाही. बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाका.