पाण्याची पाळी मातीला विचारून

दुपारच्या उन्हात पानं माना टाकतात आणि मोटार चालू करायची घाई होते. पण संध्याकाळी तीच पानं पुन्हा ताठ झाली, तर मातीत पाणी होतंच. पानांतून ते जितक्या वेगानं उडत होतं, तितक्या वेगानं मुळांना ओढता येत नव्हतं, एवढंच. पहाटेही पीक मलूल दिसलं, तर मात्र उशीर झाला म्हणायचा.

भिजवणीनंतर मातीतल्या मोठ्या पोकळ्यांतलं पाणी एक-दोन दिवसांत खाली निथळतं, भारी जमिनीत जरा सावकाश. रिकाम्या जागेत हवा शिरते, बारीक पोकळ्यांत ओल टिकते. हाच वाफसा. मुळांना प्राणवायूही लागतो आणि तो हवेपेक्षा पाण्यातून सुमारे १०,००० पट हळू पसरतो. चिबड, म्हणजे पाणी साचून राहणाऱ्या रानात पीक पिवळं पडतं ते म्हणूनच.

वाफशापासून पीक कायमचं कोमेजेपर्यंत माती जेवढं पाणी देऊ शकते, ती पिकाची शिल्लक. मध्यम जमिनीत मीटरभर खोलीला ती साधारण १५० मिलिमीटर, वाळूसरीत जेमतेम निम्मी. मुळं ६० सेंटिमीटर गेली असतील तर मध्यम जमिनीतली शिल्लक ९० मिलिमीटर. ती अर्धी संपली की उरलेलं पाणी माती घट्ट धरून ठेवते आणि वाढ मंदावू लागते (भाजीपाला तर त्याआधीच कुरकुरतो). म्हणजे खर्चायला ४५ मिलिमीटर. पीक रोज ५ मिलिमीटर पीत असेल तर पाळी नवव्या दिवशी, आणि द्यायचं तेही ४५ मिलिमीटरच: हेक्टरी साडेचार लाख लिटर. त्याहून जास्त दिलेलं मुळांखाली झिरपतं, जाताना नत्रही धुऊन नेतं.

हे रोजचे ५ मिलिमीटर कुठून आले? ऊन, तापमान, आर्द्रता आणि वारा यांवरून बाष्पीभवन काढायचं समीकरण हॉवर्ड पेनमन यांनी १९४८ मध्ये मांडलं. त्याचं सुधारित रूप आजही वापरतात. आलेल्या आकड्याला पिकाच्या वयानुसार बदलणाऱ्या गुणकानं गुणायचं. रोपटं थोडं पितं, पानोरा दाटला की मागणी शिगेला पोचते.

ठिबकनं हा हिशेब बदलत नाही. झिरपा आणि उघड्या मातीवरचं बाष्पीभवन घटतं, पण पानांतून उडणारं पाणी जवळपास तेवढंच राहतं.

हवामानाचे आकडे हाताशी नसतील तर मुळांच्या खोलीवरून मूठभर माती काढून दाबावी. मध्यम जमिनीतला गोळा बोटानं ढकलताच भुगा झाला, तर पाळीची वेळ झाली. वरची माती पाहून ठरवू नये. ती सगळ्यांत आधी वाळते.