गावाच्या विकास आराखड्यात आपलं काम कसं बसवायचं? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची पद्धत

वाडीवर पाणी चढत नाही, गटार तुंबलंय, कोपऱ्यावरचा दिवा कित्येक महिने बंद आहे. ग्रामपंचायतीत जाऊन सांगितलं की बहुतेक वेळा उत्तर मिळतं, "निधी नाही." ते पुष्कळदा खरंही असतं. पण वर्षभरात जो काही निधी आला, तो कोणत्या कामांना जायचा हे आधीच्या हिवाळ्यातच ठरलेलं असतं, आणि ठरत होतं तेव्हा तुमच्या वाडीचं कुणी तिथे नव्हतं. म्हणून गावासाठी अत्यावश्यक काय, हे कोण, केव्हा आणि कशाच्या आधारे ठरवतं हे प्रत्येक ग्रामस्थाला माहीत असायला हवं.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ४५ मध्ये पंचायतीची कर्तव्यं सांगितली आहेत आणि त्यांची लांबलचक यादी कायद्याला जोडलेल्या ग्रामसूचीत आहे. पाणीपुरवठा, गटारं, दिवाबत्ती, रस्ते, आरोग्य, शिक्षण, शेती, पशुसंवर्धन असं जवळपास सगळं गावजीवन त्यात येतं. मात्र ही कामं ग्रामनिधीत जेवढा पैसा असेल त्या मर्यादेत करायची आहेत, असं कायदाच म्हणतो. महापालिकांच्या कायद्यात (१९४९ चा अधिनियम) कलम ६३ मध्ये आवश्यक कर्तव्यं आणि कलम ६६ मध्ये स्वेच्छाधीन कर्तव्यं अशी उघड विभागणी आहे. गावाच्या बाबतीत आधी काय आणि मागून काय, हे प्रत्यक्षात ग्रामपंचायत विकास आराखड्यात ठरतं. 'आमचा गाव, आमचा विकास' या उपक्रमाखाली हा आराखडा दरवर्षी तयार होतो आणि त्याला ग्रामसभेची मान्यता लागते.

पैशाचे कप्पे आधी समजून घ्या

अर्ज लिहिण्याआधी आपलं काम कोणत्या पैशातून होऊ शकतं हे पाहणं सर्वांत महत्त्वाचं आहे. बहुतेक मागण्या इथेच अडतात, म्हणून याबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

पहिला कप्पा वित्त आयोगाच्या शिफारशीने केंद्राकडून येणाऱ्या निधीचा. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात त्याचे दोन भाग होते. ६० टक्के बंधित (ठरलेल्या कामांनाच वापरायचा) आणि ४० टक्के अबंधित (मोकळा). बंधितमधला अर्धा भाग स्वच्छता आणि हागणदारीमुक्ती टिकवण्यासाठी, उरलेला अर्धा पिण्याचं पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण आणि पाण्याच्या पुनर्वापरासाठी. ग्रामपंचायतीला वर्षाला १० लाख रुपये आले असं धरा. त्यातले ३ लाख स्वच्छतेला, ३ लाख पाण्याला बांधलेले, आणि मोकळे उरतात ४ लाख. मोकळ्या भागातून गावाच्या गरजेची इतर कामं घेता येतात, पण पगार आणि आस्थापनेचा खर्च भागवता येत नाही. बंधितमधल्या एका बाजूची गरज पूर्ण भागली असेल तर ती रक्कम दुसऱ्या बाजूला वापरण्याची मुभा होती.

याचा अर्थ असा की सांडपाण्याचं गटार किंवा शोषखड्डा मागणाऱ्याने 'गटार बांधून मिळावे' एवढंच लिहून थांबू नये. 'बंधित निधीतील स्वच्छतेच्या कामांत समाविष्ट करावे' असं स्पष्ट लिहावं. मग "रस्त्याला पैसे गेले, आता काही उरलं नाही" हे उत्तर देता येत नाही, कारण रस्त्याचे पैसे त्या कप्प्यातले नसतातच. २०२६-२७ पासून १६ व्या वित्त आयोगाचा काळ आहे. त्याची विभागणी चालू वर्षाच्या शासन निर्णयात पाहा आणि अर्जात तीच भाषा वापरा.

दुसरा कप्पा घरपट्टी, पाणीपट्टी आणि इतर स्व-उत्पन्नाचा. त्यातला १५ टक्के खर्च मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी करायचा असतो. हा खर्च दरवर्षी नीट व्हावा म्हणून गावातल्या दिव्यांगांनी आणि बचत गटांनी मागणी लेखी द्यायलाच हवी. मागणी आली नाही म्हणून रक्कम पडून राहिली असं होऊ देऊ नका.

पात्रता

गावाच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. घर स्वतःचं असो वा भाड्याचं, पट्टी भरली असो वा थकलेली, सभेत बोलण्याचा आणि मत देण्याचा हक्क तोच. यादीत नाव नसेल तर नमुना ६ भरून ते आधी लावून घ्या. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते. तिथे मंजूर झालेली मागणी ग्रामसभेपुढे यायला हवी, म्हणून पाणी, शौचालय आणि अंगणवाडीचे विषय बायांनी तिथेच ठरावात आणावेत. मोठ्या सभेत माइक हातात येईलच असं नसतं.

अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना पेसा कायदा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा) आणि महाराष्ट्राचे २०१४ चे नियम लागू आहेत. तिथे पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते, आणि आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी कशावर खर्च करायचा हे ग्रामसभा ठरवते.

कागदपत्रं

या अर्जाला ठरलेला छापील नमुना नाही आणि शुल्कही नाही. साध्या कागदावर लिहिलेला अर्ज चालतो. सोबत जागेचे दोन-तीन फोटो, लाभ होणाऱ्या कुटुंबांची नावं व सह्या, आणि जागा कुणाची आहे याचा पुरावा जोडा.

जागेचा पुरावा हे सगळ्यांत चिवट प्रकरण आहे. रस्त्याचं काम मागितलं की "२३ नंबरला नोंद नाही" असं ऐकायला मिळतं. नमुना २३ म्हणजे ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही. त्यात तुमच्या गल्लीची लांबी-रुंदीसह नोंद नसेल तर पंचायतीला त्यावर खर्च दाखवता येत नाही. त्यामुळे आधी २३ चा उतारा मागा. नोंद नसेल तर पहिला अर्ज ती नोंद घेण्याचा द्या आणि कामाचा अर्ज त्याच्या मागून. इमारतींसाठी नमुना २२ आणि मोकळ्या जमिनींसाठी नमुना २४ बघावा लागतो. रस्ता किंवा गटार कुणाच्या खाजगी जागेतून जात असेल तर त्या मालकाचं संमतीपत्र किंवा बक्षीसपत्र आणि सातबारा किंवा नमुना ८ (घरपट्टी आकारणीची नोंदवही) चा उतारा लागतो. जागेचा वाद सुटण्याआधी काम आराखड्यात घातलं तर ते वर्षानुवर्षं यादीतच राहतं.

गावाला जोडणारा रस्ता ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग असेल तर तो जिल्हा परिषदेचा. तिथे ग्रामपंचायत फक्त शिफारशीचा ठराव करू शकते.

अर्ज असा लिहा

प्रति, सरपंच / ग्रामपंचायत अधिकारी, ग्रामपंचायत ____.
विषय: सन ____ च्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात ____ वस्तीतील सांडपाणी गटाराचे काम समाविष्ट करणेबाबत.
महोदय, वरील वस्तीत ____ कुटुंबे राहतात. हातपंपाशेजारी सांडपाणी साचून पिण्याचे पाणी दूषित होण्याचा धोका आहे. ____ यांच्या घरापासून ____ पर्यंत अंदाजे ____ मीटर गटार आवश्यक आहे. हे काम बंधित निधीतील स्वच्छतेच्या कामांत घ्यावे आणि येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय ठेवावा, ही विनंती.

एवढं पुरतं. मीटर, कुटुंबं आणि धोका, या तीन गोष्टी ज्या अर्जात असतात तो बाजूला सारणं अवघड जातं. दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व सही-शिक्का घ्या. कुणी घ्यायला नकार दिला तर पोच मिळणाऱ्या स्पीड पोस्टाने पाठवा. ग्रामसेवकांचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, पण जुन्या नावाने दिलेला अर्जही नाकारता येत नाही.

कधी द्यायचा आणि सभेत काय बघायचं

पुढच्या वर्षाच्या आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून सुरू होते आणि जानेवारीअखेरपर्यंत आराखडा ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवर चढवायचा असतो. म्हणजे अर्ज सप्टेंबरमध्येच आत हवा. मे महिन्याच्या सभेत मागितलेलं काम पुढच्या रांगेत जातं.

सभेची नोटीस सात दिवस आधी निघते. ती निघण्यापूर्वी अर्ज दिला तर विषय पत्रिकेवर येतो. नाही तर तो 'ऐनवेळी येणाऱ्या विषयां'त ढकलला जातो, आणि तिथपर्यंत अर्धी माणसं घरी गेलेली असतात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा ही अट नसते. म्हणून तहकूब सभेला जाणं जास्त गरजेचं आहे. ठराव तिथे होतात आणि माणसं मोजकी असतात.

मागणी मांडताना सूचक आणि अनुमोदक आधीच ठरवून ठेवा. ठरावाचा मजकूर तिथल्या तिथे वाचून दाखवायला सांगा, आणि इतिवृत्तात तो लिहिला गेल्यावरच सही करा. सभेआधी हजेरीवर सह्या घ्यायच्या आणि ठराव नंतर सवडीने लिहायचे, ही पद्धत अनेक गावांत रुळली आहे. ती गावाच्या मुळावर येते. ठरावाची नक्कल अर्ज करून मागून घ्या.

ग्रामसभेने घेतलेलं काम पुढे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिका अशा टप्प्यांतून जातं. अंदाजपत्रक पंचायत समितीकडचा अभियंता करतो. तो पाहणीला येईल त्या दिवशी वस्तीतलं कुणीतरी हजर राहावं, नाही तर गटार जिथे पाणी साचतं तिथून न जाता जिथे खोदणं सोपं तिथून जातं.

काम आराखड्यात आलं नाही तर

ई-ग्रामस्वराज पोर्टलवर किंवा 'मेरी पंचायत' ॲपवर राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडून वर्षाचा आराखडा पाहा. ग्रामसभेत मंजूर झालेलं काम तिथे नसेल तर ठरावाची नक्कल जोडून गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार करा आणि तिथेही दाद लागली नाही तर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे.

नक्कलच मिळत नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज द्या. एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, दाखल्याची प्रत जोडावी. झेरॉक्सचे पानाला २ रुपये. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील करता येतं. मागताना 'सर्व माहिती द्यावी' असं लिहू नका. अमुक तारखेच्या ग्रामसभेचं इतिवृत्त, हजेरीपत्रक आणि मंजूर आराखड्याची प्रत, असं नेमकं लिहा.