३६० कॅमेरा भाड्याने नेताय? फोटो पाठवण्याआधी एवढं वाचा

फोनच्या चार्जिंगच्या खाचेत बसणारा आणि बोटाने फिरवून सगळी खोली बघता येईल असा फोटो काढणारा आमचा ३६० कॅमेरा एस्टेट एजंट, डेकोरेटर आणि हॉलवाले नेहमी नेतात. लावायचा कसा, हे बहुतेकांना ठाऊक असतं. तरी एक तक्रार ठरलेली: ‘फोटो फिरतच नाही, नुसता लांबुडका आणि ताणलेला दिसतो. कॅमेरा खराब दिलात.’

कॅमेरा खराब नसतो. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून गेलेला असतो.

दोन भिंगांची दोन गोल चित्रं जोडून कॅमेऱ्याचं अ‍ॅप २:१ मापाचा सपाट फोटो तयार करतं, साधारण ३००० × १५०० पिक्सेलचा. ‘हा फोटो ३६० आहे’ अशी नोंद त्या फाइलच्या पोटात असते. फेसबुक काय किंवा आमचं टूरचं (जागा स्क्रीनवर फिरवून दाखवायचं) सॉफ्टवेअर काय, ती नोंद वाचूनच फोटो फिरवतं. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून टाकलात की नोंद पुसली जाते आणि लांबी सुमारे १६०० पिक्सेलवर येते. नोंद आम्ही पुन्हा घालू शकतो, गेलेले पिक्सेल कुठून आणणार? बघणाऱ्याला एका वेळी खोलीचा साधारण पाव भाग दिसतो. म्हणजे मूळ फोटोत त्याच्या वाट्याला ७५० पिक्सेल येतात, व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोत ४००. तेवढ्यात किचनचा ओटा ग्रॅनाइटचा की कडाप्पाचा, हेही कळत नाही.

म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेली फाइल आम्ही टूरसाठी घेत नाही. काहींना हा हट्ट वाटतो. पण टूर धूसर निघाली की बोल आम्हालाच लागतो.

करायचं ते सोपं आहे. अ‍ॅपमध्ये फोटो उघडून एक्स्पोर्ट करा आणि ‘३६० फोटो’ हाच पर्याय निवडा. चेंडूसारखा गोल दिसणारा प्रकार स्टेटसला ठेवायला छान, टूरला निरुपयोगी. मग व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘गॅलरी’ऐवजी ‘डॉक्युमेंट’मधून फाइल जोडा. एचडी निवडूनही भागत नाही, फाइल दाबली जातेच. स्क्रीनशॉट तर मुळीच नको. फोटो बरेच असतील तर गूगल ड्राइव्हची लिंक द्या. आणि टूर हातात पडेपर्यंत अ‍ॅपमधले मूळ फोटो पुसू नका. जोड बिघडली असेल तर ती मूळ फाइलवरूनच दुरुस्त होते.

जोड बिघडते ती जवळच्या वस्तूंवर. दोन चित्रांची शिवण फोनच्या कडांच्या रेषेत येते. तिथे मीटरभराच्या आत कपाट किंवा माणूस असला की तो अर्धा कापला जातो. चाळीतला किंवा वन बीएचकेमधला अरुंद पॅसेज असेल तर भिंगं भिंतींकडे वळवा आणि फोनची कड पॅसेजच्या लांबीकडे ठेवा. उलटं वाटतं, पण शिवण लांबच्या भागावर जाते आणि दिसत नाही. फोन उलटा, म्हणजे कॅमेरा वर, स्टँडवर साधारण पाच फुटांवर लावा, टायमर लावून खोलीबाहेर जा. दिवसाही दिवे चालू ठेवा, नाहीतर खिडकी पांढरी फट्ट आणि खोली काळी येते.

कॅमेरा ‘सापडत नाही’ असं दाखवलं तर आधी फोनचं कव्हर काढा. जाड कव्हरमुळे पिन पूर्ण आत जात नाही. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये ओटीजी (फोनला बाहेरचं उपकरण जोडायची सोय) चालू आहे ना, तेही बघा. काही फोनमध्ये दहा मिनिटं वापर नसला की ते आपोआप बंद होतं. काढताना सरळ ओढा, वाकवू नका. भिंगं दोन्ही बाजूंनी फुगीर आहेत, टेबलावर आडवा ठेवलात की ओरखडा ठरलेला. डिपॉझिट आम्ही घेतो ते मुख्यतः त्यासाठीच. पावसाळ्यात एसीतून बाहेर आलात तर भिंगांवरचं धुकं जाईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाने पुसू नका.

कॅमेरा न्यायला येताना ज्या फोनवर काम करायचं तोच आणा. आयफोन १५ पासून टाइप-सी आहे, लाइटनिंगचा, म्हणजे जुन्या आयफोनच्या खाचेचा, कॅमेरा त्याला बसत नाही. आमच्याकडे दोन्ही आहेत. एक फोटो इथेच काढून ‘डॉक्युमेंट’ने पाठवून दाखवतो, त्याचे पैसे नाहीत. स्टँड आणि भिंगाचं कापड भाड्यातच येतं. टूर आमच्याकडूनच करून घेणार असाल तर फाइली कॅमेरा परत करताना थेट फोनमधून उतरवून घेऊ, पाठवण्याची भानगडच नको.