खपली धरू न देणारी पट्टी

गुडघा खरचटला की घरोघरी एकच सल्ला मिळतो : 'उघडं ठेव, वारा लागू दे, खपली धरली की झालं.' मायेने दिलेला हा सल्ला जखमेला मात्र मानवत नाही. १९६२ साली संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवरच्या उथळ जखमा तपासल्या. काही उघड्या ठेवल्या, काही पॉलिथिनच्या पातळ पापुद्र्याखाली झाकल्या. झाकलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगाने आली. नव्या पेशी ओल्या पृष्ठभागावरून सहज सरकतात. कोरड्या जखमेत त्यांना खपलीच्या खालून, ओल शोधत वाट काढावी लागते.

हायड्रोकोलॉइड नावाची जखमेवर चिकटवायची पट्टी हीच ओल धरून ठेवते. सब्जा पाण्यात टाकला की प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत वेष्टण फुगतं, ते आठवा. या पट्टीच्या चिकट थरातही पाणी शोषून फुगणारे कण असतात : जेलाटिन, जॅम घट्ट करणारं पेक्टिन, आणि सेल्युलोजपासून बनवलेलं कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज. जखमेतून पाझरणारी लस ते शोषतात आणि त्यांचा मऊ जेल होतो. वरचा पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा थर बाहेरचं पाणी आणि जंतू अडवतो.

पट्टी काढल्यावर दिसणारा पिवळसर, किंचित वास येणारा जेल पाहून अनेकजण घाबरतात. तो पू नव्हे. मात्र भोवतालची लाली पसरत असेल, ठणका वाढत असेल किंवा ताप आला असेल, तर पट्टी काढून डॉक्टरांकडे जायलाच हवं. जंतुसंसर्ग झालेल्या जखमेवर, प्राण्याच्या चाव्यावर किंवा मधुमेही माणसाच्या पायाच्या जखमेवर ही पट्टी स्वतःच्या मनाने लावू नये.

हल्ली तरुण मुलं चेहऱ्यावर लावतात त्या गोल टिकल्याही याच पदार्थाच्या. तोंड फुटलेल्या पुटकुळीतला स्राव त्या शोषून घेतात. सकाळी टिकली पांढरी दिसते, तो बहुतांशी फुगलेला जेलच. माझ्या मते त्यांचा मोठा गुण वेगळाच आहे : बोटं पुटकुळीपर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे ती कुरतडली जात नाही. खोलवरच्या दुखऱ्या गाठीवर नुसती टिकली फारशी उपयोगी पडत नाही. नव्या पुटकुळ्याही तिने थांबत नाहीत.

जखमेवरची पट्टी कडेने सुटेपर्यंत किंवा लस बाहेर येईपर्यंत, साधारण ३ ते ७ दिवस, राहू द्यावी. काढताना वर ओढू नका. एक कोपरा सोडवून पट्टी त्वचेला समांतर ताणा. चिकटपणा आपोआप सुटतो आणि नवी कोवळी त्वचा सोलली जात नाही.