स्पोर्ट्स कारच्या इंजिनातील ऑइल व कूलंटचे तापमान

स्पोर्ट्स कारच्या गरम झालेल्या इंजिनात कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान साधारण ८५ ते १०५ अंश सेल्सिअस आणि इंजिन ऑइलचे ९० ते १२० अंश असते. सर्किटवर गाडी सलग जोरात पळवली की ऑइल १३० अंशांपर्यंत चढते, आणि चांगल्या सिंथेटिक ऑइलला ते सोसते. १४० दिसले की वेग उतरवावा; १५० च्या आसपास पुढची फेरी घेण्यात शहाणपण नाही. बहुतेक गाड्यांच्या डॅशबोर्डवर यांपैकी फक्त कूलंटचा काटा असतो. इंजिन जोरात ओढायला तयार आहे की नाही, हे मात्र ऑइल ठरवते.

कूलंट

कूलंटचे तापमान थर्मोस्टॅट राखतो. त्यातले मेण ठरलेल्या तापमानाला वितळून फुगते आणि झडप उघडते. इंजिनानुसार ही झडप ८० ते ८८ अंशांना उघडू लागते आणि आणखी १० ते १५ अंशांनी पूर्ण उघडते. म्हणजे ८२ चा थर्मोस्टॅट असलेल्या गाडीत ९५ दिसले तर काही बिघडलेले नाही. अलीकडच्या अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटमध्येच छोटा विजेचा हीटर असतो. हळू चालवताना इंधन वाचावे म्हणून संगणक कूलंट १०५ अंशांच्या आसपास ठेवतो आणि ॲक्सिलरेटर दाबताच ते खाली आणतो. अशा गाडीत एकाच प्रवासात २० अंशांचा चढउतार हा बिघाड नसतो.

पाणी १०० अंशांना उकळते, मग १०५ अंशांना कूलंट उकळत कसे नाही? इथिलीन ग्लायकॉल आणि पाण्याचे निम्मे-निम्मे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळते. रेडिएटरच्या झाकणाने त्यावर बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे १ बार जास्त दाब राखला की उकळबिंदू १२९ अंशांच्या आसपास जातो. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग सैल पडली की हा २० अंशांहून जास्त असलेला राखीव भाग नाहीसा होतो, आणि वर वर सगळे ठीक दिसणारी गाडी घाटात उकळते. झाकण स्वस्त असते. शंका आली की आधी तेच बदलावे. मिश्रणासाठी डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. बोअरच्या जड पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि सिलिंडर हेडमध्ये थर धरतात, आणि तो थर पुन्हा निघत नाही.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर फार भिस्त ठेवू नये. अनेक कंपन्या तो मुद्दाम ‘शांत’ करतात: साधारण ७५ पासून ११० पर्यंत कितीही तापमान असले तरी काटा मधोमध खिळलेला असतो, आणि तो हलतो तेव्हा वेळ निघून गेलेली असते. खरा आकडा ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकाची माहिती वाचण्याच्या जोडणीला) साधा रीडर लावून मिळतो. इंजिनाचा संगणक तापमान ० ते २५५ मधल्या एका संख्येत पाठवतो आणि त्यातून ४० वजा करायचे असतात: १३० आले तर कूलंट ९० अंश. ऑइलचा आकडाही याच रीतीने येतो, पण त्यासाठी गाडीत ऑइलचा सेन्सर हवा. तो सगळ्या गाड्यांत नसतो.

ऑइल

थंड इंजिन सुरू करून हळू चालवले तर कूलंट पाचेक मिनिटांत ८० गाठते. ऑइलला त्याच्या दुप्पट किंवा जास्त वेळ लागतो. कूलंटचा काटा मध्यावर आला म्हणून गाडी रेडलाइनपर्यंत (इंजिनाच्या फेऱ्यांच्या कमाल मर्यादेपर्यंत) ओढणारे नेमके इथे चुकतात.

बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ मधले एस५४ इंजिन याचे चांगले उदाहरण आहे. ३.२ लिटर, सरळ सहा सिलिंडर, रेडलाइन ८,०००. या गाडीच्या टॅकोमीटरच्या (आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, दाखवणाऱ्या तबकडीच्या) कडेने पिवळे दिवे आहेत. थंड इंजिनावर वरच्या आरपीएमचे दिवे पेटलेले असतात आणि ऑइल तापत जाईल तसे एकेक करून विझतात. जिथे दिवा पेटलेला आहे, तिथे काटा न्यायचा नाही. टॅकोमीटरच्या तळाशी ऑइलच्या तापमानाचा वेगळा काटाही दिला आहे. या इंजिनात १०डब्ल्यू-६० ऑइल लागते. १०० अंशांना ६० ग्रेडच्या ऑइलची श्यानता, म्हणजे दाटपणा, २१.९ ते २६.१ सेंटिस्टोक असते. ४० अंशांना ती त्याच्या कितीतरी पट असते, आणि पहाटे गॅरेजमध्ये १५ अंशांना तर ते मधासारखे ओघळते. असल्या जाड ऑइलवर आरपीएम चढवले की पंपापाशी दाब भरपूर दिसतो, पण बेअरिंगच्या फटीतून पुरेसे ऑइल वाहत नाही. या इंजिनाच्या सुरुवातीच्या गाड्यांत कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे बदलण्याची मोहीम कंपनीलाच काढावी लागली होती. तेव्हा त्या दिव्यांकडे शोभा म्हणून पाहू नये.

गरम करण्याची रीत सोपी आहे. इंजिन सुरू करून अर्धा मिनिट थांबावे, मग निघावे. ऑइल ७० अंशांवर येईपर्यंत ३,००० ते ३,५०० आरपीएमच्या आत आणि अर्ध्याहून कमी थ्रॉटलवर चालवावे, आणि पूर्ण जोर ८० च्या पुढेच लावावा. जागेवर उभे करून दहा मिनिटे इंजिन चालू ठेवण्याची सवय मात्र वाईट. थंड इंजिनाला जास्तीचे पेट्रोल मिळते, ते सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढते आणि खाली संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) मिसळते.

ऑइल फार गार राहणेही चांगले नाही. ज्वलनातून येणारी वाफ आणि पेट्रोलचे अंश उडून जायला ऑइलने १०० च्या आसपास काही वेळ राहायला हवे. रोज चारपाच किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीत फिलर कॅपच्या आत पिवळसर लोण्यासारखा थर दिसतो, तो याच ओलाव्याचा. लगेच हेड गॅस्केट (सिलिंडर हेडखालचे सील) गेले असे समजू नये. आधी तासभर मोकळ्या रस्त्यावर चालवून पाहावे. कूलंट कमी होत असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

वरच्या टोकाला दोन गोष्टी घडतात. ऑइल पातळ होऊन दाब पडतो. दाबाचा जुना ठोकताळा दर १,००० आरपीएमला साधारण १ बार असा आहे. शिवाय ऑइलचे ऑक्सिडेशन दर १० अंशांमागे ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते. संपमध्ये १२० असताना बेअरिंगच्या पातळ थरात तापमान त्याहून बरेच जास्त असते; ऑइलची उच्च ताणाखालची श्यानता १५० अंशांना मोजतात ती त्यामुळेच. म्हणून आकडा वाचताना सेन्सर कुठे आहे हे आधी पाहावे. कूलरमधून बाहेर पडणाऱ्या नळीवर बसवलेला सेन्सर संपपेक्षा कमी दाखवतो, आणि मालक उगाच खूश होतो.

तापलेले ऑइल फुगतेही: दर अंशाला सुमारे ०.०७ टक्के. साडेपाच लिटर ऑइल ८० अंशांनी तापले तर ०.३ लिटर वाढते. डिपस्टिक गरम पाहायची की थंड, हे गाडीच्या पुस्तकातच पाहावे. एअर-कूल्ड पोर्शे ९११ मध्ये, म्हणजे १९६४ ते १९९८ पर्यंतच्या गाड्यांत, ती पातळी इंजिन पूर्ण तापलेले आणि चालू असताना, सपाट जागी पाहतात. त्या गाडीत कूलंट नाहीच. पंख्याच्या हवेबरोबर उष्णता वाहून नेण्याचे काम ऑइल करते, वेगळ्या टाकीत ते भरपूर असते, आणि सुमारे ८५ अंशांना एक थर्मोस्टॅट उघडून ते पुढच्या फेंडरमधल्या कूलरकडे वळवतो. तिथे ऑइलच्या तापमानाचा काटा हाच मुख्य काटा.

बाहेरची हवा

रेडिएटर किती उष्णता टाकतो, ते त्याच्या आणि हवेच्या तापमानातल्या फरकावर ठरते. २० अंशांच्या हवेत ९५ च्या कूलंटला ७५ अंशांचा फरक मिळतो; मे महिन्यातल्या ४० अंशांत फक्त ५५. तोच रेडिएटर चतुर्थांशाहून जास्त क्षमता गमावतो. त्यात एसीचा कंडेन्सर त्याच्या पुढे बसलेला. खंडाळ्याच्या चढावर ट्रकमागे रांगत जाताना वारा नाही, भार भरपूर, आणि सगळी मदार पंख्यावर. तिथे १०५ दिसले आणि मोकळा रस्ता मिळताच दोन मिनिटांत ९२ वर आले तर यंत्रणा धड आहे. वेगात असतानाच तापत असेल तर रेडिएटर चोंदलेला किंवा पंप अशक्त. थांबल्यावरच तापत असेल तर पंखा किंवा त्याची रिले.

आपल्याकडे काही मेकॅनिक ‘गरम हवेत थर्मोस्टॅट लागतच नाही’ म्हणून तो काढून टाकतात. मग कूलंट ६५-७० वर घुटमळते, संगणक इंजिन थंडच समजून पेट्रोल जास्त देतो, ऑइल पेट्रोलने पातळ होते. वर अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट गेल्याने बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट कायम उघडी राहते. रेडिएटरला कूलंट कमी पोचते आणि जोरात चालवताना गाडी उलट जास्त तापते. ऑइल कूलर नंतर बसवतानाही थर्मोस्टॅट असलेली सँडविच प्लेटच (इंजिन आणि ऑइल फिल्टर यांच्या मध्ये बसणारी, कूलरच्या नळ्या जोडण्याची चकती) घ्यावी, नाहीतर पावसाळ्यात ऑइल ८० च्या वर येतच नाही.

सर्किटवर एक फेरी तापवायची, चारपाच जोरात, शेवटची ब्रेक न वापरता गार करण्याची. टर्बो असेल तर ही शेवटची फेरी चुकवू नये: इंजिन बंद होताच टर्बोच्या बेअरिंगमध्ये उभे राहिलेले ऑइल जळून कोळसा होते. थांबल्यावर कूलंट काही मिनिटे ५-१० अंशांनी वर जाते, कारण पंप थांबलेला असतो आणि हेडची उष्णता तशीच असते. तेवढ्याने घाबरू नये.

तापमान चढतच असेल तर एसी बंद, हीटर पूर्ण गरम, पंखा जोरात, आणि सावकाश चालवत कडेला यावे. झाकण ५० अंशांच्या खाली येईपर्यंत उघडू नये. सगळ्यात फसवी खूण उलटी असते: चढलेला काटा अचानक खाली येतो. पाइप फुटून कूलंट गेलेले असते, सेन्सर कोरडा पडून वाफेत लटकत असतो, आणि वाफेचे तापमान तो नीट मोजत नाही. तेव्हा काट्याकडे न पाहता इंजिन तिथल्या तिथे बंद करावे. पुन्हा भरताना हीटर गरमवर ठेवून, हवा काढायचा स्क्रू उघडून, त्यातून बुडबुड्यांशिवाय कूलंटची धार येईपर्यंत भरत राहावे. हेडमध्ये अडकलेला हवेचा एक फुगा पुढच्याच चढावर तोच प्रकार पुन्हा घडवतो.