कंपनीनं दिलं नाही ते: इंदूरच्या घरांतून उघडलेल्या मशिनींची मागची गोष्ट

टीव्हीच्या रिमोटवर अमुक चार बटणं दाबा आणि लपलेला मेनू उघडा, मोबाईल रूट करा (म्हणजे कंपनीनं राखून ठेवलेला त्याचा पूर्ण ताबा घ्या), राऊटरमधे दुसरं सॉफ्टवेअर टाका, असले व्हिडिओ पोराटोरांच्या मोबाईलवर दिवसभर फिरत असतात आणि घरातली मोठी माणसं म्हणतात हे आजकालचं खूळ. आजकालचं वगैरे काही नाहीये. इंदूरच्या मराठी घरांमधे, रामबागेत म्हणा नाहीतर राजेंद्रनगरला म्हणा, कंपनीची वस्तू आली तशीच वापरायची ही सवय मुळात नव्हतीच. फक्त आधी लोक वस्तूत जे नाही ते घालायचे, आणि आता वस्तूत जे आहे पण बंद करून ठेवलंय ते उघडतात. हा बदल कसा झाला ते बघायचं तर रेडिओपासून सुरू करावं लागतं.

इंदूरचं आकाशवाणी केंद्र १९५५ चं, मालवा हाऊसमधलं. पण त्या काळात गाणी ऐकायची तर रेडिओ सिलोन, कारण १९५२ मधे बाळकृष्ण केसकर माहिती-प्रसारण मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळजवळ गायबच झाली, आणि त्याच वर्षी सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. विविध भारती यायला १९५७ उजाडलं. आता सिलोन लागायचं शॉर्ट वेव्हवर, ते सतत फेड व्हायचं, म्हणून घरोघर तांब्याच्या जाळीची पट्टी भिंतीपासून भिंतीपर्यंत बांधलेली असायची, कोणी गच्चीवर तार ताणायचं, जो जरा हुशार असेल तो आतल्या कॉइलशी खेळून ४१ मीटर आणि २५ मीटर बँड अजून स्पष्ट येतो का बघायचा. आणि हे सगळं त्या काळात जेव्हा नुसता रेडिओ ऐकायलाही परवाना लागायचा आणि त्याची फी पोस्टात भरावी लागायची! परवाना गेला तो ८० च्या दशकात.

मग टीव्ही. १९८२ मधे एशियाडच्या निमित्तानं दूरदर्शन रंगीत झालं आणि परदेशातून सेट यायला लागले, कोणाचा भाऊ लंडनला, कोणाचा जावई अमेरिकेत. इथे पहिल्यांदा लोकांना कळलं की टीव्ही हा टीव्ही असला तरी देशादेशाचा वेगळा असतो. रंगीत चित्र पाठवायच्या पद्धतीच वेगळ्या, अमेरिकेतला सेट एनटीएससी पद्धतीचा, आपलं प्रक्षेपण पाल पद्धतीचं, त्यामुळे तो इथे जवळपास शोभेचाच. इंग्लंडचा सेट मात्र गंमत करायचा, पालच असल्यामुळे आपला चॅनल लागला तर चित्र यायचं पण आवाज नाही, कारण त्यांच्याकडे चित्र आणि आवाजाच्या लहरींमधे ६ मेगाहर्ट्झचं अंतर आणि आपल्याकडे साडेपाचचं. मेकॅनिक मागचं झाकण काढून म्हणायचा, "पिक्चर तो आ रही है, आवाज का फिल्टर बदलना पड़ेगा", आणि खरंच एक छोटासा तीन पायांचा सिरॅमिक फिल्टर बदलून कॉइल जरा फिरवली की बातम्या ऐकू यायच्या. मोडिफिकेशन म्हणजे काय हे आमच्या पिढीतल्या कित्येकांनी पहिल्यांदा असंच पाहिलंय, मेकॅनिकच्या मागे उभं राहून, आईच्या "हात लावू नकोस, करंट लागेल" ह्या पार्श्वसंगीतावर.

९१-९२ ला केबल आली, स्टार, मग ऑक्टोबर १९९२ मधे झी, आणि नवीनच भानगड. जुन्या सेटचा ट्यूनर खटाखट फिरवायचा, १२ नंबरपर्यंतचा, म्हणजे २ ते ४ आणि ५ ते १२. केबलवाल्याला मात्र चॅनल जास्त द्यायचे होते म्हणून तो मधल्या मोकळ्या पट्ट्यात पण चॅनल टाकायचा, एस-१ ते एस-२० वगैरे, आणि ते जुन्या टीव्हीला दिसायचेच नाहीत. मग एकतर बाहेरून कन्व्हर्टरचा डबा लावा नाहीतर ट्यूनरच बदला. महाराणी रोडवर इलेक्ट्रॉनिक पार्टच्या दुकानात रिमोट किट मिळायचं, नवीन ट्यूनर, छोटा बोर्ड आणि रिमोट, ते बसवलं की दहा वर्षं जुना सेट एकदम रिमोटचा व्हायचा. ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला रिमोट! आज हसू येतं पण पलंगावरून चॅनल बदलता येणं ही त्या वेळी चैनच होती.

ह्या जोडाजोडीत इंदूरचा एक खास टप्पा आहे आणि तो बाहेरच्यांना माहीत नसतो. रेडिओ मिर्चीचं देशातलं पहिलं स्टेशन मुंबई-दिल्लीत नाही, इंदूरला सुरू झालं, ऑक्टोबर २००१ मधे. आणि घराघरात जे रेडिओ होते ते बहुतेक मीडियम वेव्ह-शॉर्ट वेव्हवाले, ज्यांना ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ ही भाषाच कळत नाही. नवीन रेडिओ घेणं हा एक उपाय, पण आजोबांचा लाकडी कपाटाचा व्हॉल्व्हचा रेडिओ किंवा तो भरभक्कम टू-इन-वन ज्याचा आवाज नवीन डबड्यांना येत नाही त्याचं काय करायचं? त्यात एफएम किट टाकायचं. छोटासा तयार बोर्ड, बऱ्याचदा सोनीच्या सीएक्सए१६१९ आयसीवरचा, त्याला वेगळा पॉवर सप्लाय, आउटपुट जुन्या रेडिओच्या व्हॉल्यूम कंट्रोलला जोडायचं आणि हातभर वायर एरियल म्हणून सोडायची. स्पीकर जुना, स्टेशन नवीन. मला विचाराल तर जोडाजोडीच्या काळातलं हे सगळ्यात सुंदर काम होतं, कारण त्यात जुन्याचं काहीच वाया जात नव्हतं.

आता इथून गोष्ट वळते. तोपर्यंत कॉम्प्युटर आले होते आणि त्यांच्याबरोबर एक वेगळाच प्रकार, वस्तूत सगळं आहे पण तुम्हाला दिलेलं नाही.

ह्याचं कारण कंपनीच्या हिशोबात आहे. दोन वेगळ्या चिप किंवा दोन वेगळे बोर्ड बनवण्यापेक्षा एकच बनवायचा आणि स्वस्त मॉडेलमधे अर्ध्या गोष्टी बंद करून विकायच्या हे त्यांना परवडतं. म्हणजे वाडा पूर्ण विकत घेतला पण एका खोलीला आधीच्या मालकाचं कुलूप, आणि किल्ली हवी तर वेगळे पैसे. १९९८ चा इंटेलचा सेलेरॉन ३००ए लोक बसचा स्पीड (म्हणजे बोर्डाकडून चिपला मिळणारा मूळ ठेका) ६६ वरून १०० करून सरळ ४५० मेगाहर्ट्झवर पळवायचे. २००० च्या सुमाराला एएमडीच्या ड्युरॉन आणि ॲथलॉनवर तर कमाल होती, चिपच्या वरच्या बाजूला एल-१ नावाचे बारीक पूल असायचे, कंपनीनं ते तोडून मल्टिप्लायर, म्हणजे त्या ठेक्याच्या किती पट वेगानं चिप चालणार तो आकडा, लॉक केलेला, आणि लोक साध्या शिसपेन्सिलीनं ते पूल परत जोडायचे, कारण ग्रॅफाइटमधून करंट जातो. दोन रुपयांची पेन्सिल! पुढे २००९ च्या आसपास एएमडीच्याच फेनॉम-२ मधे दोन कोरचा प्रोसेसर बायोसमधून, म्हणजे कॉम्प्युटर चालू होतानाच्या सेटिंगमधून, चार कोरचा व्हायचा, नशीब चांगलं असेल तर, कारण बंद केलेला कोर कधी खरंच खराब असायचा. सिल्व्हर मॉलला असेंबल्ड कॉम्प्युटर घ्यायला गेलं की दुकानदार हे खालच्या आवाजात सांगायचा, जसं काही सराफ्यातला भाव फोडतोय.

इंजिनीअरिंगच्या पोरांना हेच कॅल्क्युलेटरमधे दिसलं. कॅसिओचा एफएक्स-८२एमएस स्वस्त, ९९१एमएस महाग, आणि ८२ वर बटणं एका ठराविक विचित्र क्रमानं दाबली की तो ९९१ सारखा वागायला लागतो, मॅट्रिक्स बिट्रिक्स सकट. लॅबमधल्या ऑसिलोस्कोपचंही तेच. रिगोलचा डीएस१०५२ई ५० मेगाहर्ट्झचा म्हणून विकला जायचा आणि १०० वाला डीएस११०२ई महाग, २०१० मधे उघड झालं की आतला बोर्ड एकच आहे, मॉडेलचा नंबर बदला की झालं काम. कॅमेऱ्यात कॅननचा ३००डी (२००३) आणि महागडा १०डी, सेन्सर तोच, म्हणून एका रशियन माणसानं बदललेलं फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) काढलं आणि स्वस्त कॅमेऱ्यात आयएसओ ३२००, मिरर लॉक-अप (फोटोआधीच आतला आरसा वर उचलून ठेवणं), फ्लॅशचा उजेड कमीजास्त करणं असं सगळं उघडलं. नंतर कॅननच्याच छोट्या पॉवरशॉट कॅमेऱ्यांसाठी सीएचडीके नावाचं सॉफ्टवेअर आलं, ते तर कॅमेऱ्यात काही कायमचं बदलतसुद्धा नाही, मेमरी कार्डवरून चालतं आणि कार्ड काढलं की कॅमेरा परत साळसूद.

इंटेलनं तर २०१० मधे हे उघडउघडच करून पाहिलं. पेंटियम जी६९५१ घ्या, मग ५० डॉलरचं कार्ड घ्या, त्यावरचा कोड टाका, की आधीपासून आत असलेलं हायपरथ्रेडिंग (एका कोरकडून एकाच वेळी दोन कामं करून घेणं) आणि १ एमबी जास्तीची कॅश मेमरी चालू. लोक इतके चिडले की पुढच्याच वर्षी ते बंद पडलं. पण बीज रुजलं होतं बघा, २०२२ मधे बीएमडब्ल्यूनं काही देशांत गाडीतल्या गरम सीटसाठी महिन्याचे पैसे मागितले ते त्याच जातीचं.

राऊटरची कथा ह्या सगळ्यात मला सर्वात आवडते कारण त्यात कुलूप मोडायलाच लागलं नाही. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी २००२ च्या शेवटी आला, निळा-काळा, दोन शिंगांचा. २००३ मधे लोकांच्या लक्षात आलं की आत लिनक्स आहे, आणि लिनक्सचं लायसन्स म्हणतं की बदललेला कोड लोकांना द्यावा लागतो. दबाव आला, कंपनीनं कोड दिला, आणि २००४ मधे त्यातून राऊटरसाठीचं ओपनडब्ल्यूआरटी हे मोकळं सॉफ्टवेअर उभं राहिलं, मागून डीडी-डब्ल्यूआरटी. साध्या घरगुती राऊटरमधे व्हीपीएन आलं, स्पीड वाटून देणं आलं, एकाचं सिग्नल दुसऱ्यानं पुढे पाठवणं आलं. २००५ मधे कंपनीनं पाचव्या आवृत्तीत लिनक्स काढून मेमरी कमी केली, पण गिऱ्हाईक बोंबललं तेव्हा जुनाच माल डब्ल्यूआरटी५४जीएल नावानं परत विकायला काढावा लागला. म्हणजे फोडाफोडी करणाऱ्यांसाठी वेगळं मॉडेल!

प्रिंटरमधेही असंच झालं. कार्ट्रिज इतकी महाग की लोकांनी बाहेर शाईच्या बाटल्या ठेवून नळ्या आत सोडल्या, प्रिंटर दिसायचा सलाईन लावलेल्या पेशंटसारखा आणि टेबलावर डाग. एपसननं २०१० मधे इंडोनेशियात, जिथे हे जोरात चालायचं, स्वतःच टाकीवाला प्रिंटर काढला, आणि आज आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानात तोच प्रकार जिकडेतिकडे.

सगळंच काही इतकं सोज्वळ नव्हतं, हेही सांगायला पाहिजे. प्लेस्टेशनमधे चिप बसवून देणारे होते त्यातल्या बहुतेकांचं गिऱ्हाईक स्वस्तातल्या कॉपी सीडीसाठीच यायचं. डीव्हीडीच्या रीजनचं तसं नव्हतं, तिथे लोकांची बाजू खरी होती, डिस्क कुठल्या भागात चालणार ह्याचे नंबर ठरलेले, भारत रीजन ५ आणि अमेरिका १, पोरानं तिकडून पैसे मोजून आणलेली ओरिजिनल डिस्क इथल्या प्लेअरवर चालायची नाही, म्हणून रिमोटवरून छुपा मेनू उघडून रीजन शून्य करायचे. आणि मायक्रोसॉफ्टचा गेमचा डबा, पहिला एक्सबॉक्स, फोडणाऱ्यांनी त्यावर सिनेमे बघायला जो प्लेअर बनवला तोच वाढत वाढत आज कोडी नावानं ओळखला जातो.

मोबाईलवर आलो की जेल रोडचं डॉलर मार्केट आठवतं. आयफोन अमेरिकेत २००७ मधे आला, ऑगस्टमधेच जॉर्ज हॉट्झ ह्या १७ वर्षांच्या पोरानं तो दुसऱ्या कंपनीच्या सिमवर चालवून दाखवला, आणि भारतात ३जी आयफोन ऑगस्ट २००८ मधे ३१,००० ला, तोही एअरटेल नाहीतर व्होडाफोनलाच बांधलेला. अँड्रॉइडचा पहिला फोन जी-१ तर इतका मोकळा निघाला की कीबोर्डवर काहीही टाइप केलं तरी ते मागे रूटच्या शेलमधे, म्हणजे थेट फोनला दिलेला हुकूम म्हणून, जायचं, मेसेजमधे रीबूट लिहून एंटर मारलं की फोन बंद होऊन परत चालू. मग २००९ पासून सायनोजेनमॉड, म्हणजे लोकांनीच बदलून बनवलेलं अँड्रॉइड, २०१६ च्या शेवटी ते बंद पडून लीनिएजओएस. कंपनीनं अपडेट देणं सोडलेले फोन ह्यावर दोन-तीन वर्षं जास्त जगले.

कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे २०१२ मधे कॉपीराइट कायद्यात ६५-ए कलम आलं, कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, पण हक्क बुडवायच्या हेतूनं तोडलं तर, नुसत्या उत्सुकतेसाठी नाही. आयएमईआय, म्हणजे फोनची ओळख पटवणारा नंबर, बदलणं मात्र सरळ गुन्हा आहे, त्यात काही वाव नाही, आणि ते कोणी "करून देतो" म्हणालं तर दुकानातून बाहेर पडा.

पण खरं सांगू का, फोन रूट करणं कायद्यानं कमी झालं नाही, ते यूपीआयनं झालं. रूट करायला बूटलोडर, म्हणजे फोन चालू करणाऱ्या सॉफ्टवेअरचं कुलूप, उघडला की फोन सुरक्षेच्या तपासणीत नापास होतो आणि बँकेची ॲप कुरकुरतात, कधी चालूच होत नाहीत, आणि आता छप्पन दुकानवर, इंदूरच्या खाऊगल्लीत, पोहे-जिलेबी खाऊन खिशात सुटे पैसे शोधणारा माणूस विरळा. चार फीचरसाठी पेमेंट कोण अडकवून घेणार? त्यात शाओमीसारख्या कंपन्या अनलॉकसाठी परवानगी मागा, मग दिवसेंदिवस थांबा असं करतात, तिथेच निम्मी पोरं कंटाळतात.

म्हणून आता महाराणी रोडवर परत जुनाच प्रकार जास्त दिसतो, घालण्याचा. जुन्या ॲम्प्लिफायरला ब्लूटूथ-यूएसबीचं पॅनल, आणि जुन्या एलसीडी मॉनिटरला युनिव्हर्सल बोर्ड, की झाला टीव्ही, एचडीएमआय आणि रिमोट सकट. त्यातली खुबी एवढीच की बोर्ड कोणत्याही पॅनलला चालावा म्हणून प्रत्येक रिझोल्यूशनची वेगळी फाईल असते, ती पेनड्राइव्हवरून टाकायची, आणि चुकीची पडली तर चित्र फाटकं दिसतं. तेव्हा माळ्यावरचा मॉनिटर घेऊन जाणार असाल तर आधी उघडून आतल्या पॅनलच्या पाठीवरच्या स्टिकरचा फोटो काढून न्या, दुकानदार पहिल्यांदा तोच नंबर विचारतो.